हापशाच्या पाण्याला दुसरी वाट

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेच्या हापशाभोवती काय चित्र दिसते, ते शिक्षकांना सांगायला नको. एक मूल दांड्याला लोंबकळते, दुसरे तोटीखाली ओंजळ धरते आणि तिसरे आपली पाळी कधी येणार म्हणून त्याला ढकलत असते. ओंजळीत मावते त्याच्या कितीतरी पट पाणी चौथऱ्यावरून वाहून जाते. एकट्याच आलेल्या मुलाची तर पंचाईतच. दांडा सोडून तोटीशी पोहोचेपर्यंत धार आटलेली असते. स्वच्छतागृहात पाणी हवे असेल, तर ते बादलीने वाहून न्यावे लागते आणि हे काम बहुतेक वेळा मोठ्या वर्गातील मुलींच्या वाट्याला येते.

यावर सहज सुचणारा उपाय असा : हापशाच्या तोटीवर पाणी वळवणारा एक व्हॉल्व्ह बसवावा. तो एका बाजूला फिरवला की पाणी कळशीत पडेल, दुसऱ्या बाजूला फिरवला की नळीने टाकीत जाईल. कल्पना चांगली आहे आणि काही ठिकाणी ती चालतेही. परंतु कोठे चालते, कोठे चालत नाही आणि का, हे समजून न घेता जोडाऱ्याला बोलावले, तर चांगला चालणारा हापसाही बिघडून बसतो. शाळेच्या विज्ञानात शिकवलेला दाब, तरफ आणि ऊर्जा हे तीन पाठ येथे एकत्र येतात. म्हणून हा हापसा जरा उघडून पाहू.

शेजारच्या जालन्याची देणगी

जिंतूर तालुका परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडे, डोंगरांच्या कडेला आहे. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण याच तालुक्यात आहे. पण धरण तालुक्यात असणे वेगळे आणि पाणी डोंगराकडेच्या वाडीपर्यंत पोहोचणे वेगळे. जमिनीखाली सगळीकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. या खडकाच्या अखंड भागात पाणी जवळजवळ नसते; ते असते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. अशा खडकात यंत्राने सहा इंचांच्या आसपास व्यासाचे भोक पाडून, म्हणजे बोअर घेऊन, त्यावर हापसा बसवणे हा मार्ग १९७०-७३ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात फार वेगाने पसरला.

सुरुवातीचे हापसे बिडाचे होते. परदेशातील एकेका शेतकरी कुटुंबासाठी केलेल्या पंपांच्या धर्तीवर ते घडवलेले होते. आपल्याकडे मात्र एका हापशावर सारे गाव पाणी भरते. साहजिकच ते भराभर मोडू लागले. त्यावर पहिला नेटका तोडगा निघाला तो जिंतूरहून मंठ्यामार्गे ज्या गावाला रस्ता जातो, त्या जालन्यात. तेथील मिशनच्या मंडळींनी पोलादी दांडा आणि साखळी असलेला पंप घडवला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापूरच्या 'शोलापूर वेल सर्व्हिस'ने त्यात सुधारणा केल्या. या सोलापुरी पंपाच्या आधाराने युनिसेफ, मद्रासची 'मेराडो' ही यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून 'इंडिया मार्क-२' हा पंप सिद्ध केला. कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले. त्याचे पेटंट कोणीही घेतले नाही, म्हणून तो देशभर आणि परदेशातही लाखोंच्या संख्येने बसला. आज आपल्या शाळेसमोर दिसणारा हापसा बहुधा हाच असतो.

दांड्यावर किती भार येतो?

बोअरमध्ये पाण्याखाली एक सिलिंडर टांगलेला असतो. त्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्यात एक झडप आणि सिलिंडरच्या तळाशी दुसरी झडप असते. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याची झडप मिटते, वरचे पाणी उचलले जाते आणि तळाच्या झडपेतून नवे पाणी आत येते. दट्ट्या खाली येतो तेव्हा तळाची झडप मिटते आणि आतले पाणी दट्ट्यातून वर सरकते. दट्ट्यापासून वर दांड्यापर्यंत १२ मिलिमीटर जाडीच्या सळ्या एकीला एक जोडलेल्या असतात.

आता हिशेब करू. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. बोअरमधील पाण्याची पातळी तोटीपासून २० मीटर खाली आहे असे धरू. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भार असतो. म्हणून २० मीटरला २ किलोग्रॅम भार. दट्ट्यावर येणारा भार झाला सुमारे ६३ किलोग्रॅम. दांड्याचे लांब आणि आखूड भाग ८ : १ या प्रमाणात असतात, त्यामुळे हाताला जाणवतो तो ८ किलोग्रॅम आणि वर घर्षण. सळ्यांचे वजन बरेचसे भरीव दांड्याच्या वजनाने तोलले जाते.

येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. सिलिंडर ३० मीटरवर टांगला असेल, तर ते ३० मीटरचा भार धरतात. परंतु सिलिंडरच्या वर २० मीटरपर्यंत बोअरमध्ये पाणी उभे असते आणि ते खालून दाब देत असते. म्हणून मोजायचे अंतर पाण्याच्या पातळीपासून ते पाणी बाहेर पडण्याच्या जागेपर्यंतचे. उन्हाळ्यात हापसा जड का लागतो, याचे उत्तर यातच आहे : सिलिंडर तेथेच असतो, पातळी खाली गेलेली असते.

तोटीच्या खाली आणि तोटीच्या वर

पाणी वळवायचे तर पहिला प्रश्न एकच : नवी जागा तोटीच्या खाली आहे की वर?

खाली असेल, तर काम सोपे आहे. तोटीला तीन तोंडांचा व्हॉल्व्ह किंवा नुसती फिरवता येणारी पन्हळ जोडली की पाणी आपल्या वजनानेच उताराला लागते. गुरांचा हौद, परसबाग, तोटीपेक्षा खालच्या पातळीवर बांधलेली झाकणबंद टाकी आणि तिला खाली चार नळ, हे सगळे यात बसते. जिंतूरच्या डोंगराकडेच्या गावांत जमिनीला उतार असतोच. त्याचा उपयोग करून घेता येतो. शाळा भरण्यापूर्वी टाकी भरून ठेवली, तर मधल्या सुट्टीत एकटे मूलही दोन्ही हात साबणाने धुऊ शकते. हापशाच्या आतल्या भागाला यात हातही लागत नाही.

जागा वर असेल, उदाहरणार्थ स्वच्छतागृहाच्या छतावरील टाकी, तर मात्र नुसत्या व्हॉल्व्हने काम होत नाही. मार्क-२ हा पाणी उचलणारा पंप आहे, ढकलणारा नाही. त्याच्या वरच्या पेटीत सळई जेथून बाहेर येते, तेथे मोकळी फट असते. तोटीची वाट बंद करून पाणी वर चढवू लागलो, तर ते टाकीत जाण्याऐवजी त्या फटीतून उसळून साखळीवर येते. म्हणून तेथे ग्लँड बसवावी लागते : सळईभोवती आवळून बसणारी दोरीची किंवा रबराची दाटणी. तेथील सळई गुळगुळीत आणि न गंजणारी हवी, नाहीतर ती दाटणी कापून काढते.

ग्लँड आली की दुसरी अडचण येते. मार्क-२ मध्ये दांड्याचे टोक कमानीसारखे असते आणि साखळी तिच्यावरून गुंडाळली जाते. त्यामुळे सळई नेहमी सरळ उभी ओढली जाते; ही रचना फार हुशारीची आहे. पण साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळ्या खाली येतात त्या केवळ आपल्या वजनाने. ग्लँड जास्त आवळली, तर सळ्या अडकत अडकत उतरतात, साखळी सैल पडते आणि पुढच्या हापशाला जोराचा झटका बसतो. असे झटके बसत राहिले की साखळी किंवा सळईचा जोड तुटतो. पाणी फार वर असलेल्या उथळ बोअरमध्ये हीच अडचण ग्लँडशिवायही येते, कारण तेथे सळ्याच कमी असतात. म्हणून अशा ठिकाणी साखळीऐवजी पक्का दांडा-जोड वापरतात. ढकलणाऱ्या हापशातही तोच मार्ग आहे.

व्हॉल्व्ह कोणता?

हापसा ठराविक माप उचलणारा पंप आहे. दट्ट्या वर गेला की तेवढे पाणी कोठेतरी जायलाच हवे. व्हॉल्व्ह मध्येच उभा राहून दोन्ही वाटा बंद झाल्या तर? एखाद्या मोठ्या मुलाने दांड्यावर ४० किलोग्रॅमचा भार टाकला, तर आठपटीने तो ३२० किलोग्रॅम होतो. त्यातून पाणी उचलण्याचा ६३ किलोग्रॅम आणि थोडे घर्षण वजा केले, तरी सुमारे २५० उरतात. त्याला ३१.७ ने भागले की दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ८ किलोग्रॅम, म्हणजे ८० मीटर उंच पाण्याचा दाब! हलकी प्लॅस्टिकची नळी किंवा ग्लँड तो सोसणार नाही.

म्हणून व्हॉल्व्ह असा निवडावा की एक वाट पूर्ण मिटण्यापूर्वी दुसरी उघडू लागेल. 'टी' जोडून दोन बाजूंना दोन साधे कॉक बसवणे स्वस्त पडते, पण दोन्ही एकदम बंद होण्याचा धोका त्यात राहतो. वरच्या टाकीकडे जाणाऱ्या नळीत एकाच दिशेने पाणी सोडणारी झडपही हवी. ती नसेल आणि बोअरमधील तळाची झडप गळत असेल, तर टाकीतले शिळे पाणी नळीतून पुन्हा बोअरमध्ये उतरू शकते. त्याच कारणाने नळीचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे, पाण्यात बुडवू नये.

ऊर्जा कोण देणार?

व्हॉल्व्ह पाण्याची दिशा बदलतो. तो ऊर्जा देत नाही. येलदरीला पाणी उंचावरून खाली येते आणि वीज देते. हापशात उलटा व्यवहार आहे : पाणी वर यायचे, तर ऊर्जा आपण द्यायची.

टाकी तोटीच्या ३ मीटर वर आहे असे समजा. उचल २० ऐवजी २३ मीटर झाली; हाताला जाणवणारा भार सुमारे ८ वरून ९ किलोग्रॅमवर गेला. ही वाढ थोडी वाटते. पण एक लिटर पाणी २३ मीटर उचलायला सुमारे २२५ ज्यूल लागतात. मार्क-२ च्या मापाप्रमाणे ४० हापशांत १५ लिटर पाणी यायला हवे. ५०० लिटरची टाकी भरायची, तर १,३०० हून अधिक हापसे आणि मिनिटाला ४० हापसे धरले तरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ. पाण्याला मिळणारी शक्ती ५६ वॅट. पंपातील गळती आणि घर्षण धरून हाताने द्यावी लागते ती याहून बरीच जास्त. सलग अर्धा तास हे प्रौढ माणसालाही जड जाते. चाळीस जणांच्या वर्गात वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३-३४ हापसे येतात, म्हणजे एक मिनिटदेखील नाही. तेव्हा टाकी बसवण्याआधी ती कोण भरणार, हे ठरवायला हवे. पाळीपत्रक सर्व मुलामुलींचे असावे. ते न करता टाकी बसवली, तर बादली वाहणाऱ्या त्याच मुली आता दांड्यावर उभ्या राहतील, एवढाच फरक पडेल.

ऊर्जेचा प्रश्न सोडवण्याचा वेगळा मार्ग महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अनेक गावांत वापरला आहे. त्याला दुहेरी पंप म्हणतात. एकाच बोअरमध्ये हापसाही राहतो आणि सौर विजेवर चालणारा पाणबुडा पंपही बसतो. पाणबुड्याची नळी हापशाच्या खालून वेगळी बाहेर काढून टाकीकडे नेतात. ऊन असेल तेव्हा टाकी भरते. ढग आले किंवा पंप बिघडला, तर हापसा आहेच. येथे पाणी वळवण्याची युक्ती तोटीवर नाही, बोअरच्या तोंडाशी आहे. २०१९ पासून जल जीवन मिशनमधून गावोगावी नळ आले, तरी वीज नसेल त्या दिवशी हाच हापसा उपयोगी पडतो.

वर्गासाठी दोन चाचण्या

कोणतीही सुधारणा करण्यापूर्वी मूळ हापसा निरोगी आहे का, ते पाहावे. हे काम नववीचे विद्यार्थी करू शकतात.

पहिली चाचणी : धार नीट सुरू झाल्यावर १५ लिटरचे भांडे किती पूर्ण हापशांत भरते, ते मोजा. ४० च्या आसपास भरले तर ठीक. ६० लागले, तर प्रत्येक हापशातील एक तृतीयांश पाणी निसटते आहे. दट्ट्याचे वायसर झिजले असावेत.

दुसरी चाचणी : हापसा अर्धा तास कोणीही वापरू नका. मग पहिले पाणी येईपर्यंत किती रिकामे हापसे मारावे लागतात, ते मोजा. उभ्या नळीत दर मीटरला सुमारे ०.९ लिटर पाणी मावते आणि एका हापशाला पाऊण पाव लिटर नव्हे, तर ०.३७५ लिटर येते. म्हणजे एक हापसा पाणी सुमारे ४० सेंटिमीटर चढवतो. दहा हापसे रिकामे गेले, तर अर्ध्या तासात पाणी ४ मीटर उतरले. तळाची झडप किंवा नळीचा एखादा जोड गळतो आहे.

या दोन आकड्यांची नोंद दर महिन्याला वहीत ठेवली आणि शेजारी तारीख लिहिली, तर वर्षअखेरीस आपल्या गावच्या हापशाचा इतिहासच हाती येईल. दुरुस्ती पथकाकडे 'हापसा खराब आहे' एवढेच सांगण्यापेक्षा 'वायसर गेले आहेत' किंवा 'तळाची झडप गळते आहे' असे सांगता आले, तर ते योग्य सामान घेऊन येतील. व्हॉल्व्ह बसवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे. गळणाऱ्या हापशाला कितीही वाटा काढून दिल्या, तरी त्या वाटांनी जायला पाणी वर यायला हवे.