गोधडी : शेतकऱ्याच्या घरचा विरंगुळा

भातकापणी उरकून झोडणी झाली, दाणे कणगींत पडले, म्हणजे भिवंडी तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं एक काम हटकून निघत असे. माळ्यावरचें जुन्या लुगड्यांचें गाठोडें खालीं येई, ओटी सारवली जाई आणि घरांतील वडील बायका गोधडी शिवावयास बसत. हल्लीं तें गाठोडें बहुतेक घरांतून नाहींसें झालें आहे. बाजारांत थोडक्या पैशांत मऊ ब्लँकेट मिळतें. मग एवढा खटाटोप कोणी करावा, असा प्रश्न साहजिकच येतो. ऊब हवी असेल तर ब्लँकेट पुरेसें आहे, हें मीहि मान्य करतों. मला येथें सांगावयाचें आहे तें गोधडीच्या उबेविषयीं नसून ती शिवण्याविषयीं आहे.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सातबाराच्या उताऱ्यांवरील नांवें बदलतांना मी पुष्कळ पाहिलीं. काल्हेर, पूर्णा, दापोडें, माणकोली या बाजूस जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज मालाचीं प्रचंड गोदामें उभीं आहेत. ज्यांनीं जमिनी दिल्या त्यांस पैसा मिळाला, पक्कीं घरें झालीं, याबद्दल तक्रार नाहीं. परंतु त्या घरांतील साठी उलटलेल्या बाईच्या हातचें काम गेलें, याची नोंद कोणत्याहि फेरफारांत होत नाहीं. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत ज्या हातांस जन्मांत उसंत नव्हती, ते एकाएकीं मोकळे झाले. अशा बाईची दुपार सरत नाहीं आणि रात्रीं डोळ्यास डोळा लागत नाहीं. ज्या गांवीं अद्याप शेती आहे, तेथेंहि लावणी-कापणीवांचूनचे महिने वृद्ध माणसांस जडच जातात.

माझ्या वडील वहिनींचें असेंच झालें होतें. तिन्हीसांजेस जीव घाबरा होतो म्हणून गोळ्या सुरू झाल्या. गेल्या पौषांत माझ्या कुटुंबानें जुनी पेटी उघडून लुगड्यांचा ढीग त्यांच्यापुढें ठेवला. पहिले दोन दिवस त्यांनीं नुसत्या घड्या मोडल्या आणि पुन्हां घातल्या. तिसऱ्या दिवशीं मला हांक मारून एक विटकें हिरवें लुगडें दाखविलें व म्हणाल्या, “भावोजी, हें सासूबाईंचें. तुमच्या हळदीला घेतलेलें. हें आंत नको घालायला, वर राहूं दे.” पुढें एकेक लुगडें उचलून तें कोणाचें, कोणत्या सालीं घेतलें, हें त्या सांगत गेल्या. इतकें बिनचूक दप्तर मीं कचेरींत क्वचितच पाहिलें असेल. गोधडी म्हणजे औषध नव्हे. गोळ्या अजून चालू आहेत. पण झोंपेची गोळी डॉक्टरांनीं निम्मी केली, आणि दुपारीं ओटीवर चार बायका जमूं लागल्या.

आतां हिशेब. नऊवारी लुगडें सत्तावीस फूट लांब असतें व पन्हा सुमारें पावणेचार फुटांचा. पांच-पांच फुटांवर फाडल्यास पांच तुकडे पडतात. दोन तुकडे पन्ह्यास पन्हा जोडले कीं पांच फूट रुंद व दुमड धरून सात फूट लांब असा एक थर होतो. दोन लुगड्यांत पांच थर बसतात, आणि उरलेलें दोन-दोन फूट कापड कडेच्या पट्टीस पुरतें. एका माणसास एवढी गोधडी पुरे. झिजलेला भाग आंत घालावा. पदर व काठ सहसा शाबूत असतात, ते वर घ्यावे.

थर अंथरल्यावर मध्यापासून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्या व लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र धरावे. या कामीं घाई करूं नये. येथें राहिलेली सुरकुती पुढें शिवतां शिवतां मध्यावर येऊन सांचते आणि मग ती जात नाहीं. नंतर एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करून चारी कडांनीं फिरत आंत आंत जावें. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलें तर सगळी शिवण चारशें वीस फूट भरते. इंचाला तीन टाके धरल्यास पंधरा हजार टाके होतात. रोज तासभर बसल्यास महिना सहज जातो.

पंधरा हजार हा आंकडा ऐकून भिण्याचें कारण नाहीं. उलट सगळी गंमत त्यांतच आहे. टाका एकच, पुन्हां पुन्हां तोच, त्यामुळें हातास एक लय सांपडते आणि मनाची धांव हळूहळू हाताच्या चालीवर येते. लावणींत चूड रोवतां रोवतां मन जसें शांत होतें, तसेंच हें आहे, फक्त चिखल व पाऊस नाहीं. शिवाय काम कोठेंहि थांबवितां येतें. सुई टोंचून ठेवावी, चहा करावा, पुन्हां बसावें. ओळ बोटानें मोजतां येते, म्हणून नजर अधू असली तरी अडत नाहीं. मात्र दिवसाच्या उजेडांत, भिंतीस पाठ टेकून बसावें, बोटांत अंगुस्तान घालावें आणि अर्ध्या तासानें उठून पाय मोकळे करावे. पुरुषांनींहि यांत कमीपणा मानूं नये. शिंपी पुरुषच असतो, आणि मी स्वतः कडेची पट्टी शिवतों.

कापडाविषयीं मात्र आग्रह धरावा लागेल. पॉलिएस्टरच्या साड्या झिजत नाहींत, म्हणून बायका त्याच गोधडींत घालतात. पण तें कापड घाम शोषीत नाहीं, थर एकमेकांवरून सरकतात, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगास चिकटतें. सुती लुगडीं नेसणारी पिढी संपत आली, तेव्हां सूत आणावें कोठून? मागांच्या गांवीं तरी हा प्रश्न पडूं नये. सन १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं ज्या भिवंडींत हातमाग थाटले, तेथें पुढें यंत्रमाग लाखांनीं झाले. त्यांवर कृत्रिम धागा पुष्कळ विणला जात असला, तरी सुती मांजरपाट मिळतो, आणि कटपीस वजनावर मिळतात. कोऱ्या कापडांत खळ असते. ती दोनदां ऊन पाण्यांत भिजवून काढल्याशिवाय सुई जात नाहीं, आणि कापड आटावयाचें तें शिवण्याआधीं आटलेलें बरें.

गोधडी मागें पडण्याचें खरें कारण कापड नव्हे, लाज आहे. पाहुणे येणार म्हटलें कीं ती आंतल्या खोलींत जाते, कारण ती दारिद्र्याची खूण समजली जाते. ठिगळांच्या वस्त्रामुळें ज्यांस लोक गोधडेबुवा म्हणत, त्या गाडगे महाराजांपुढें मोठमोठे पुढारी नम्र होत, हें आपण विसरतों. कारवार जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर भागांतील सिद्दी स्त्रिया गोधडी मध्यावर मिटवितांना आंत तांदळाचे दाणे घालतात. गोधडीचें पोट भरलेलें असावें, ही भावना. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत जीज बेंड नांवाचा वाकणावरचा गांव आहे. तेथील कापूस पिकविणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय बायांनीं जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या सन २००२ मध्यें ह्यूस्टन येथें व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. आपण मात्र त्या पाहुण्यांपासून लपवितों!

विक्रीचा विचार कोणी सुचवील. विकण्यास हरकत नाहीं, पण पहिली गोधडी घरांतील कोणासाठीं तरी असावी. तारीख ठरवून मागणी घेतली कीं टाक्यांची मोजणी सुरू होते आणि विरंगुळ्याची मजुरी होते. वहिनींस एका दुकानदारानें सहा नग मागितले होते; त्यांनीं नाहीं म्हटलें, आणि नातीच्या बाळंतपणासाठीं दुपटें शिवावयास घेतलें.

आरंभ कार्तिकांत खळें उरकल्यावर करावा. तयार गोधडी रिठ्याच्या पाण्यांत धुवून वैशाखाच्या उन्हांत दोन दिवस दोन्ही अंगांनीं वाळवावी. मृग लागल्यावर आपल्या कोंकणपट्टींत पांच थर आंतून वाळत नाहींत, आणि एकदां कुबट वास धरला कीं तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाहीं.