शाळा मुलाच्या दारीं

मूल शाळेंत येत नाहीं, आलें तर टिकत नाहीं, असें दिसलें कीं दोष मुलाच्या पदरीं बांधण्याची समाजाची जुनी रीत आहे. मूल मंद आहे, हूड आहे, आईबापांना शिक्षणाची गोडी नाहीं, अशीं कारणें चटकन् पुढें केलीं जातात. शाळेचें दार कोणत्या मापानें बांधलें आहे, हें मात्र क्वचितच पाहिलें जातें.

ज्या पद्धतीला आज बालशिक्षणांत मानाचें स्थान आहे, तिचा उगमच अशा नाकारलेल्या मुलांत आहे. इटलींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं प्रथम मंदबुद्धि ठरविलेल्या मुलांना हाताळण्याच्या वस्तूंच्या साहाय्यानें शिकविलें, आणि १९०७ सालीं रोमच्या एका गरीब वस्तींत त्याच तत्त्वांवर बालगृह उघडलें. भावनगरास गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं ही पद्धति राबविली. १९२६ सालीं तेथेंच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु पद्धतीचें साहित्य महाग. त्यामुळें गरिबांसाठीं निघालेली वाट श्रीमंतांच्या अंगणांतच थांबण्याचें भय होतें.

हें भय दूर करण्याचा प्रयत्न १९४५ सालीं बोर्डी येथें झाला. त्या काळच्या ठाणें व आजच्या पालघर जिल्ह्यांतील या गांवीं ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें. वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. हीच अंगणवाडी. मुलांना न्हाऊं घालणें, केंस विंचरणें, नखें कापणें, हाच पहिला पाठ ठरला. महागड्या साहित्याची जागा शंखशिंपल्यांनीं, खड्यांनीं, बियांनीं व पानांनीं घेतली. लहानमोठे खडे ओळीनें लावतांना मुलाच्या डोळ्याला आकाराचा भेद कळतो. बियांचे ढीग मोजतांना संख्या बोटांत उतरते. तीन ते सहा वर्षांचें मूल ऐकण्यापेक्षां करण्यानें अधिक शिकतें, आणि ओळखीच्या वस्तूंशीं त्याचा हात निःशंकपणें खेळतो.

१९५७ सालीं हें कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या सान्निध्यांत गेलें. तेथें अडचण निराळी होती. मुलगा गुरें राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळतो, मग शाळेंत जावयाचें कोणीं? यावर उत्तर निघालें, तें असें: गुरें चरतात त्या कुरणांतच शाळा भरविली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणल्यानें तान्हें पाळण्यांत निजलें, ताईची पाटी मोकळी झाली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतील केंद्रांना देशभर अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

हा धडा केवळ पाड्यांपुरता नाहीं. शहरांतील सुखवस्तु घरांतही एखादें मूल कमी ऐकतें, एखाद्याची नजर अधू असते, एखादें बोलतांना अडखळतें. वर्गांत तें गप्प बसलें कीं त्यावर ‘ढ’ हा शिक्का बसतो. वस्तुतः कमी ऐकणाऱ्या मुलास पुढें बसविणें व त्याच्याकडे तोंड करून बोलणें, अडखळणाऱ्याचें वाक्य आपण पुरें न करतां थांबणें, एकच गोष्ट कानानें, डोळ्यानें व हातानें शिकूं देणें, यांस पैसा थोडा लागतो, धीर अधिक लागतो. शिवाय हे उपाय वर्गांतील इतर मुलांच्याही उपयोगीं पडतात. आणि निराळ्या सोबत्याशेजारीं बसून तीं जें समजूतदारपण शिकतात, तें कोणत्याही पुस्तकांत नसतें.

२००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या कायद्यानें अपंग मुलांना भेदभावावांचून प्रवेश देण्याचें बंधन शाळांवर घातलें. कायदा दार उघडतो. पण आंत आलेल्या मुलाला बसावयास जागा देणें शिक्षकाच्या हातीं आहे. आणि ‘त्याच्याजवळ बसूं नको’ असें आपल्या मुलास न सांगणें, हें प्रत्येक घराच्या हातीं आहे.