पेढीवरचा अतिभार

सायंकाळच्या प्रतिक्रमणात श्रावक पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा विच्छेद. यांतील शेवटचे दोन जणू व्यापाऱ्यासाठीच सांगितले आहेत. आश्रितावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याला वेळेवर जेवू न देणे, ही दोन्ही हिंसेच्याच खात्यावर लिहिली जातात. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तही हेच पाच दोष आहेत, पंथभेद येथे आड येत नाही.

अतिभार म्हटले की पूर्वी डोळ्यांपुढे बैल येई, किंवा हमाल. शंभर किलोचे पोते आता बहुधा पन्नास किलोचे झाले आहे. ते आपोआप झाले नाही. हमालांच्या संघटनांना त्यासाठी झगडावे लागले. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला. पण पाठीवरचे ओझे निदान तोलता तरी येते. भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मालक मुनिमाला ‘एवढेही कळत नाही?’ असे सुनावतो, ते ओझे कोणत्या काट्यावर घालायचे?

आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पाऊस हुकला की उधारी अडकते. घाऊक व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात, बँकेचा हप्ता तोंडावर येतो आणि मालकाचा ताप सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो. मालकाला त्याचा घडीभर मोकळेपणा वाटतो. दुकानाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. बोलणी खाणारा नोकर हळूहळू वाईट बातमी दडवू लागतो. फुटलेला डबा, मुदत संपलेला माल, चुकलेले बिल, बुडीत निघालेले एखादे खाते, सारे दिवाळीपर्यंत झाकलेले राहते. हिशेबातील फरक पुष्कळदा लबाडीतून नव्हे, तर भीतीतून निर्माण होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना हे ओझे स्वानुभवाने ठाऊक होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत असताना बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला पद देण्यात आले. त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तेथे त्यांनी निवडलेली माणसे पाहिली, तर आजचा एखादा व्यवस्थापक बिचकेल. शाळेचे शिक्षण पूर्ण न झालेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक तंत्रज्ञ म्हणून नावाजले. मंगेशराव रेगे यांच्यावर कारकुनीपासून हिशेबापर्यंतचा भार सोपवलेला होता. एकेकाळी दरोडेखोर म्हणून ओळखली गेलेली माणसे वसाहतीची राखण करत. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. जगाने नापास ठरवलेल्या माणसांना विश्वासाने काम देणे, हेच त्या कारखान्याचे पहिले भांडवल होते. लोखंडी नांगराला गिऱ्हाईकही सहजासहजी मिळाले नव्हते.

आष्टीच्या पेढीवर पाचच माणसे असतील. पण प्रश्न तोच आहे. सप्टेंबर २०२२ पासून आष्टीहून नगरला रेल्वे जाऊ लागली. पुण्यातील गोदामात दोन पैसे जास्त मिळतात, हे दुकानातल्या पोराला ठाऊक असते. तो पगारासाठी गेला, तर समजण्यासारखे आहे. परंतु कोणत्या गावचा शेतकरी कधी पैसे फेडतो, हे तोंडपाठ असलेला वीस वर्षांचा जुना माणूस एका शब्दासाठी निघून जातो, तेव्हा ती वही त्याच्याबरोबर जाते. ती संगणकात सापडत नाही.

एक साधी गोष्ट करता येते. चूक दाखवायची ती दुकान वाढवल्यावर, दोघेच असताना; आणि दुपारच्या जेवणाची वेळ मोडायची नाही. गर्दी असली तरीही.

संवत्सरीला खमतखामण्याचे संदेश मोबाईलवर दूरदूरच्या नातलगांना जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला नोकर मालकाच्याही आधी येऊन उभा असतो. वर्षभर सर्वाधिक बोलणी त्यानेच खाल्लेली असतात, आणि हात जोडायचे, तर तो समोरच असतो.