नेम, शब्द आणि सोबत : झाडीपट्टीतील ख्रिस्ती नित्योपासनेचा विचार

'नेम' हा मराठी भक्तिपरंपरेतील एक साधा, पण अर्थाने भारलेला शब्द आहे. वारी, एकादशी, हरिपाठ ही वारकऱ्याची ओळख त्याच्या मतांवरून ठरत नाही. ती त्याच्या नेमावरून ठरते. विदर्भापुरते बोलावयाचे तर 'लीळाचरित्रा'चा उगमच स्मरणाच्या नेमात आहे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य त्यांच्या लीळांचे स्मरण करीत आणि त्या स्मरणातूनच म्हाइंभटांना ग्रंथाची प्रेरणा झाली, असे परंपरा सांगते. नित्याचे आचरण आणि वाङ्मय यांचा हा संबंध मराठीत इतका जुना आहे. प्रस्तुत लेखात तोच संबंध एका तुलनेने अपरिचित क्षेत्रात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील ख्रिस्ती उपासनेच्या संदर्भात, तपासून पाहावयाचा आहे. श्रद्धा रोजच्या जगण्यात स्थिर कशी होते, हा येथील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर संकल्पाच्या बळात शोधण्यापेक्षा वेळ, शब्द आणि सोबत या तीन आधारांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल, अशी या लेखाची भूमिका आहे.

१. प्रदेश आणि परंपरा

जुन्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. संख्या लहान असली तरी येथे आलेल्या परंपरा एक नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदा येथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळील सिरोंचा येथे अमेरिकन मेथडिस्टांनी ठाणे केले. तो परिसर तेलुगू भाषेचा. १९६२ मध्ये चांदा प्रदेश केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या सी.एम.आय. या कार्मेलाइट संघाकडे सोपविण्यात आला आणि १९७७ मध्ये चांदा हा त्या परंपरेचा पूर्ण धर्मप्रांत झाला. त्याचे पीठ बल्लारपूर येथे आहे. अँग्लिकन आणि इतर काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हे एकीकरण २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाले, तेही नागपुरातच.

या परंपरांच्या नित्योपासनेच्या कल्पनाही निरनिराळ्या आहेत. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळची उपासना नेमून दिलेली असून दीडशे स्तोत्रांची वाटणी तीस दिवसांत केलेली आहे. रोज थोडे वाचणारा दर महिन्याला संपूर्ण स्तोत्रसंहिता वाचून पूर्ण करतो. मेथडिस्टांचा भर लहान गटांतील नियमित एकत्र येण्यावर आणि परस्परांना आपल्या आध्यात्मिक प्रगतीचा हिशेब देण्यावर आहे. पूर्व-सिरियाई परंपरेत दिवसाची गणना संध्याकाळपासून होते; रम्शा ही सायंप्रार्थना, लेल्या ही रात्रीची आणि सप्रा ही सकाळची. केरळी घरांत मात्र या संहितेपेक्षा दिवेलागणीची कौटुंबिक प्रार्थना अधिक रुजलेली आहे. सी.एम.आय. संघाच्या संस्थापकांपैकी एक, संत चावरा कुरियाकोस (१८०५–१८७१) यांनी १८६८ मध्ये कैनकरी या आपल्या गावच्या कुटुंबांना उद्देशून लिहिलेल्या 'चावरुळ' या पत्रात घरातील प्रार्थनेची वेळ ठरलेली असावी, पाहुणे आले तरी ती मोडू नये, असा उपदेश आहे. नियमाचा हा आग्रह वारकरी घरातील हरिपाठाच्या आग्रहाहून फारसा वेगळा नाही.

२. मराठी वाङ्मयातील तीन पायऱ्या

ख्रिस्ती नित्योपासना मराठीत उतरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६). जुनी पुराणे हातची गेल्यावर वाचावे काय, ही साष्टीतील नवख्रिस्ती ब्राह्मणाची पृच्छा ग्रंथाच्या आरंभी आलेली आहे. स्टीफन्स यांनी येथे एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. विश्वास बदलला तरी श्रवणाची सवय रिकामी राहू शकत नाही. तिला दुसरा आशय आणि तितकाच गोड घाट द्यावा लागतो. म्हणून त्यांनी ओवी निवडली. १६४९ आणि १६५४ मध्ये या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याच्या श्रवणाची गरज किती खरी होती हे कळते.

दुसरी पायरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९). त्यांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग आपल्या प्रदेशाच्या शेजारचाच आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तो अभ्यासण्यास सांगितले. टिळकांनी हातात पेन्सिल घेऊन खुणा करीत तो वाचला आणि गिरिप्रवचनापाशी ते थबकले. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधल्या सुमारे दोन वर्षांच्या वाचनाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. प्रकाश एका क्षणात पडला असे आपण मानतो. पण त्या क्षणामागे ग्रंथ उघडून बसण्याची शिस्त होती. पुढे टिळकांनी अभंग आणि भजन हे साचे ख्रिस्ती उपासनेत आणले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना सर्वश्रुत आहे. त्या सेतूचा उपासनेच्या दृष्टीने अर्थ असा की, टाळाच्या ठेक्यावर चालणारा चरण जिभेवर आपोआप येतो, आणि जे आपोआप येते तेच थकल्या दिवशीही टिकते. 'उपासनासंगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे, तो याच कारणाने.

तिसरी पायरी लक्ष्मीबाई टिळकांची. 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागशः प्रकाशित) हे सवयींच्या परिवर्तनाचे मराठीतील अनन्य दस्तऐवज आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंना तेथवर पोचण्यास पाच वर्षे लागली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. या पाच वर्षांत त्यांनी सिद्धान्तांचा वाद घातलेला फारसा दिसत नाही. त्यांचे झगडे सोवळ्याशी, पाण्याशी, कोणाच्या हातचे खावे या प्रश्नाशी आहेत. जातिभेद माणसाने निर्माण केलेला आहे, ही जाणीव त्यांना झाली ती बाप्तिस्म्याच्या आधी, आणि तिची कसोटी लागली ती पाण्याच्या भांड्यापाशी. जुना नेम ज्या जागी होता, त्याच जागी नवा नेम आला. चूल आणि घडवंची यांच्यापाशी. श्रद्धेचे खरे स्थलांतर असे दिनचर्येत घडते, हे या पुस्तकाइतके निर्मळपणे अन्यत्र क्वचितच दिसते. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे बहुतांशी लक्ष्मीबाईंनीच सिद्धीस नेले, हेही येथे स्मरणीय आहे.

३. वेळ : पंचांग आणि जंगल

आता झाडीपट्टीकडे वळू. नेमाचा पहिला आधार वेळ. शहरातील माणसाला 'पहाटे उठून प्रार्थना करा' हे सांगणे सोपे आहे. येथे वर्षाचा क्रम जंगल आणि धानाची बांधी ठरवितात. मोहाची फुले रात्री गळतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये घरातील माणसे उजाडण्यापूर्वीच झाडाखाली पोचतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो; पहाटे तोडाई, दुपारी पुडे बांधणे, संध्याकाळी संकलन केंद्रावर रांग. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. अशा घरासाठी घड्याळाला बांधलेला नेम वर्षातून अनेकदा मोडणार, हे उघड आहे. आणि एकदा मोडला की 'आपल्याच्याने होत नाही' ही भावना त्याला कायमचा मोडते.

यावर उपाय घड्याळाऐवजी एखाद्या कृतीला नेम बांधण्याचा आहे. दिवा लावल्यावर, हातपाय धुतल्यावर, ताटावर बसण्यापूर्वी, ही टेकणे हंगाम बदलला तरी जागची हलत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासातही हेच दिसते. ९६ जणांनी १२ आठवडे रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला नवी कृती जोडली. ती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. मात्र हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या क्रियेत लक्षणीय खंड पडला नाही. या निष्कर्षात नेमस्तांना दिलासा आहे. चुकणे म्हणजे नेम संपणे नव्हे. परतण्याची वाट माहीत असणे हा नेमाचाच भाग आहे. तेंदूपत्त्याच्या पंधरवड्यात खंडित झालेली प्रार्थना पावसाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा सुरू होत असेल, तर तिला शिथिल म्हणणे अन्यायाचे होईल.

४. शब्द : भाकर आणि भात

दुसरा आधार शब्द. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे अन्न मागितले आहे ते आजच्यापुरते. उद्याचा साठा तीत नाही. म्हणून ती प्रार्थना स्वभावतःच रोजची आहे. मराठीत या ठिकाणी 'भाकर' हा शब्द रूढ झाला. देशावरच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात तो नेमका बसतो. पण झाडीपट्टी हा धानाचा प्रदेश. येथे पोट भरते ते भाताने. हे केवळ शब्दाचे औत्सुक्य नव्हे. रोज उच्चारावयाच्या प्रार्थनेतील मध्यवर्ती वस्तू आपल्या ताटात नसेल, तर शब्द आदराचा होतो, पण जवळचा होत नाही. दुसऱ्या बाजूने, परक्या शब्दालाही तोंड आपलेसे करून घेते. झाडीबोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'र' होतो. छापील 'प्राण' येथे 'प्रान' म्हणून उच्चारला जातो, आणि तो तसा उच्चारला गेला की पुस्तकातील पाठ खऱ्या अर्थाने मुखोद्गत होतो. उच्चार 'शुद्ध' करण्याच्या भरात शिक्षकाने किंवा धर्मगुरूने ही जवळीक तोडू नये.

गडचिरोलीच्या दक्षिणेस आणि पूर्वेस प्रश्न अधिक बिकट होतो. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंचात तेलुगू, कोरची-धानोऱ्याकडे छत्तीसगढी व गोंडी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली या घरच्या भाषा आहेत. तेथे मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. प्रार्थना जर कचेरीच्याच भाषेत राहिली, तर तीही अर्जासारखी होण्याचा धोका आहे. पाठ झाली, पण मनात उतरली नाही, अशी तिची अवस्था होते. निरर्थक बडबडीविरुद्धचा गिरिप्रवचनातील इशारा आणि केवळ तोंडी हरिनामावरील आपल्या संतांची टीका येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. नेमाला शब्द हवा. पण तो स्वप्नात बोलला जाणाऱ्या भाषेतील हवा. मराठीच्या अभ्यासकाने हे मान्य करणे म्हणजे मराठीला उणे लेखणे नव्हे. टिळकांनी इंग्रजी चालींच्या जागी अभंग आणला, तो याच न्यायाने. तोच न्याय आता माडियाला लागू होतो.

५. सोबत : सांजवेळेचा शेजार

तिसरा आधार सोबत. विखुरलेल्या छोट्या मंडळ्यांना धर्मगुरू रोज मिळत नाही. पावसाळ्यात नाले भरले की रविवारही एकट्याने काढावा लागतो. अशा वेळी घर हेच मंदिर आणि घरातील वडीलधारी व्यक्तीच उपासनेची धुरीण होते. याचा नमुना शोधण्यासाठी दूर जावयास नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गुरुदेव सेवामंडळाच्या द्वारे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना चिमूरसह विदर्भाच्या खेड्यापाड्यांत रुजविली. तिला पुजारी लागत नाही, खर्च लागत नाही. वेळ, काही ठरलेली पदे आणि शेजारी एवढ्यावर ती उभी आहे. एका गावात त्याच सांजवेळी एकीकडे खंजेरी वाजत असते आणि दुसऱ्या घरात मेणबत्तीपाशी जपमाळ चालू असते, तेव्हा दोन्ही घरांचा नेम एकमेकांना नकळत आधार देतो. शेजाऱ्याचा दिवा लागला की आपल्याही वेळेची आठवण होते. भक्तीच्या इतिहासात मतभेदांची नोंद विपुल आहे. या मूक साहचर्याची नोंद व्हावयास हवी.

समारोप

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, स्थिर श्रद्धा ही असामान्य मनोबलाची मिरास नाही. स्टीफन्स यांनी श्रवणाला ओवी दिली, टिळकांनी ओठाला अभंग दिला, लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी नवा आचार उभा केला. प्रत्येकाने आधी असलेल्या सवयीचे बोट धरूनच नवी सवय चालती केली. झाडीपट्टीतही तोच मार्ग आहे. नेम कामाच्या क्रमाला बांधलेला असावा, शब्द घरचा असावा आणि सोबत जवळची असावी.

अभ्यासाच्या दृष्टीने एक गोष्ट तातडीची आहे. घरोघरच्या प्रार्थना, जेवणापूर्वीची चार वाक्ये, रोवणीत किंवा मरणघरी म्हटली जाणारी पदे, उच्चारांतील बदल, दोन भाषांची सरमिसळ यांचे संकलन झाल्याशिवाय आपल्या विधानांना पुरेसे बळ येणार नाही. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही सामग्री अक्षरशः उंबरठ्यावर उपलब्ध आहे. ती सांगणारी पिढी वृद्ध होत आहे. म्हणून या कामाचा प्रारंभ ग्रंथालयात करू नये. एखाद्या ओसरीवर, दिवेलागणीच्या वेळी, वही मिटून आणि कान उघडे ठेवून बसावे, हे बरे.