ताणावरची बाग

छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, घराघरांत मराठी, शेतात कपाशी आणि संत्रा. निसर्गात अध्यात्म शोधायला लोक हिमालयात जातात. चिनी तत्त्वज्ञ लाओत्से समजून घ्यायचा असेल, तर मी म्हणेन, डिसेंबरात इथल्या संत्र्याच्या बागेत या.

त्या दिवसांत आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बाग ताणावर सोडलेली असते. विहिरीत पाणी असते, मोटारही असते, पण ओलीत बंद. पानांची चकाकी जाते, ती मलूल होतात, खालची पिवळी पडून गळू लागतात. हलक्या जमिनीत महिन्याभरात भागते. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. साधारण पाव हिस्सा पाने गळाली की जाणता बागाईतदार ताण तोडतो. खत देतो आणि पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलकेच देतो. एकदम भरपूर पाणी दिले तर झाड फुलांऐवजी नुसती नवती फेकते. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड खचते. मधेच अवकाळी पाऊस आला, तर सगळी तपश्चर्या वाया. रोज बागेत फिरून पानांवरून हात फिरवायचा आणि पाणी मात्र द्यायचे नाही, हे मन घट्ट करणारे काम आहे.

लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’च्या 81 प्रकरणांत हाच धागा आहे. पाणी कुणाशी भांडत नाही, सखल जागा धरते, म्हणून ते त्याला श्रेष्ठ वाटते. वू-वेई म्हणजे हट्टाने काही न करणे. हा आळस मात्र नव्हे, आणि हे सर्वात चांगले शिकवले ते एका लिंबूवर्गीय बागेनेच. जपानच्या शिकोकू बेटावर शेतकरी मासानोबू फुकुओकांनी वडिलांच्या बागेतली छाटणी एकदम थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली, झाडे मेली. माणसाने एकदा वळण लावलेले झाड अचानक सोडून देणे म्हणजे निसर्गाकडे परतणे नव्हे, हे त्यांना तिथे उमगले. ‘एका काडाची क्रांती’ हे त्यांचे पुस्तक 1975 चे. त्याची लाट मध्य प्रदेशातही आली: होशंगाबादजवळच्या रसुलियात ‘ऋषी खेती’ या नावाने नैसर्गिक शेतीचे प्रयोग झाले.

आपल्या परंपरेला हे परके नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात झाड तोडणाऱ्याला आणि लावणाऱ्याला सारखीच सावली देते. तिकडे लाओत्सेच्याच परंपरेतल्या च्वांगत्सेच्या कथेत देवळापाशी एक प्रचंड झाड आहे. सुताराच्या कामाचे नाही, म्हणून ते टिकले. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाच्या दर्शनाला गर्दी होते. त्या पिंपळाचाही कुणी फळ्यांसाठी विचार करत नाही.

च्वांगत्सेचा एक म्हातारा माळी मडक्याने पाणी घालतो आणि उपसायचे यंत्र नाकारतो. यंत्रामागून मनही यंत्रासारखे होते, असे त्याला वाटते. बोअरवेलच्या काळात मी कुणाला मडके घ्यायला सांगणार नाही. भारी जमीन ओल सोडत नाही, म्हणून वाढ रोखणाऱ्या औषधाची फवारणी करणाऱ्यालाही दोष देणार नाही. बहार चुकला तर वर्षाचे उत्पन्न जाते. पण सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या वरुड तालुक्यात भूजलाचा अतिउपसा सरकारदरबारी नोंदला गेला आहे, आणि पीक, बाजार, सवयी दोन्हीकडे सारख्याच. झाडाला कधी पाणी द्यायचे नाही हे ज्याला कळते, त्याला जमिनीतून किती उपसायचे नाही हेही कळू शकते. पांढुर्णा-सौंसरच्या बागाईतदारांनी नवे बोअर मारण्याआधी गावाने मिळून विहिरींची पातळी मोजावी आणि झाडांइतकाच स्वतःच्या मोटारींनाही ताण द्यावा, एवढी माझी विनंती आहे.