वाळूत सापडलेलं सोनं कोणाचं? किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी हे वाचा

दापोली तालुक्यातल्या आमच्या ओळखीचा एक तरुण कुवेतची नोकरी सुटल्यावर कायमचा गावी परतला. हाती थोडे पैसे होते, काम नव्हतं. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली. सुट्टीत हजारो पर्यटक आपल्या किनाऱ्यावर येतात, पाण्यात खेळतात, अंगठ्या-साखळ्या हरवतात. ते सगळं वाळूतच तर असणार! त्याने पंचवीस हजारांचं मेटल डिटेक्टर ऑनलाइन मागवलं.

चार महिन्यांचा हिशेब त्याने वहीत लिहून ठेवला आहे. नाणी मिळून तीनशे चाळीस रुपये. चांदीचं एक जोडवं. बाटल्यांची झाकणं, खिळे, जाळ्याचं शिसं आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर पिशव्या भरून. आणि एका संध्याकाळी, ओहोटीला, सोन्याची एक अंगठी. आतल्या बाजूला दोन अक्षरं आणि एक तारीख कोरलेली.

सोनाराकडे वजन करायला गेला तर उत्तर मिळालं, "कोणाची म्हणून शोधणार? वितळवून टाक." घरी अम्मी म्हणाली, "कोणाच्या तरी निकाहची नाहीतर लग्नाची असेल. आधी विचार."

या लेखात तोच विचार करू. यंत्र कसं चालतं हेही सांगतो, कारण व्हिडिओत ते कोणी नीट सांगत नाही. पण खरा प्रश्न आहे तो वस्तू हातात आल्यानंतरचा.

यंत्र काय ऐकतं?

मेटल डिटेक्टर सोनं ओळखत नाही. ते फक्त वीज वाहून नेणारी वस्तू ओळखतं. काठीच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांचं स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र बनतं. दुसरं वेटोळं ते पकडतं आणि कानात 'टीं' वाजतं.

ही युक्ती जुनी आहे. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला, असं नंतर सांगितलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्याचं यंत्र तयार केलं. ते 1942 मध्ये अल अलामीनच्या लढाईत वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर अशी यंत्रं बाजारात आली आणि छंद सुरू झाला.

या छंदाला मोठी हवा मिळाली ती फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर. 1715 च्या जुलैअखेर सोन्या-चांदीने भरलेला स्पेनचा जहाजांचा ताफा तिथे वादळात बुडाला. किप वॅगनर नावाच्या एका बांधकाम कंत्राटदाराने 1950 नंतरच्या दशकात लष्कराचं जुनं यंत्र घेऊन किनारा धुंडाळला, नाण्यांच्या मागावर समुद्रात जहाजांचे अवशेष शोधले. आजही मोठं वादळ झालं की तिथे लोक यंत्र घेऊन धावतात. आपण व्हिडिओत बघतो ते हे वेड. पण तो किनारा वेगळा, आपला वेगळा.

कोकणच्या वाळूतल्या अडचणी

पहिली अडचण खाऱ्या पाण्याची. मीठमिश्रित पाणीही वीज वाहून नेतं, म्हणून स्वस्तातलं, एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं यंत्र ओल्या पुळणीवर उगाचच ओरडत राहतं. कोरड्या वाळूत ते चांगलं चालतं. ओल्या वाळूसाठी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी किंवा 'पल्स इंडक्शन' पद्धतीची यंत्रं लागतात, ती महाग. शिवाय पल्सवालं यंत्र खिळा आणि अंगठी यांत फारसा फरक करत नाही, सगळंच खणायला लावतं.

दुसरी अडचण काळ्या वाळूची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे. काळे पट्टे दिसतात ते त्याचेच. तिथे यंत्राची संवेदनशीलता कमी करावी लागते आणि मग खोलवरचं काही ऐकू येत नाही.

तिसरी गंमत आपल्या नाण्यांची. यंत्रावर 'लोखंड नको' असं बटण असतं. आपली आजची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. बटण दाबलं की खिळ्यांबरोबर ही नाणीही बाद! उलट बारीक सोन्याची अंगठी आणि अॅल्युमिनियमचा कागद यांचा आवाज जवळजवळ सारखा येतो. म्हणजे सोनं हवं तर कचरा उपसावाच लागतो. बारीक कड्यांची साखळी तर अनेकदा यंत्राला कळतच नाही, कारण ते प्रत्येक कडी वेगळी मोजतं.

कधी आणि कुठे

वस्तू हरवतात त्या ठराविक जागी. लोक बसतात, कपडे बदलतात, भेळ-सरबताच्या गाड्यांपुढे पाकीट काढतात तिथे नाणी. पाण्यात कमरेइतक्या खोलीवर अंगठ्या, कारण थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते. जड वस्तू लाटांबरोबर सरकत गोटे-शिंपले साचतात त्या खळग्यात जाऊन बसतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही लांबवर जाते, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेली पुळण उघडी पडते. भांगाच्या दिवसांत तेवढी पडत नाही. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती परत येते. म्हणून पाऊस सरताच, नवी वाळू चढण्याआधीचे दिवस शोधाला बरे. भर पावसात मात्र जाऊ नका. अंगठीपायी जीव देण्यात शहाणपण नाही.

सापडलं, पण माझं झालं का?

नाही. कायद्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत: हरवलेली वस्तू आणि गुप्तधन.

कालपरवाची अंगठी, मंगळसूत्र, घड्याळ ही हरवलेली वस्तू. मालक कुठेतरी आहे, शोधतो आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 71 प्रमाणे अशी वस्तू उचलणाऱ्यावर ती दुसऱ्याने सांभाळायला दिल्यासारखी जबाबदारी येते. तिचा सांभाळ करायचा, मालकाला शोधायचा वाजवी प्रयत्न करायचा. त्यासाठी झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यावरही हक्क सांगता येतो. पण मालक कोण हे कळत असून, किंवा शोधण्याचा प्रयत्नही न करता वस्तू खिशात घातली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

दुसरं गुप्तधन, म्हणजे जमिनीत दडवलेला ऐवज. त्यासाठी 1878 चा कायदा अजून लागू आहे. मूळ कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे: काय सापडलं, किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. मग जाहीर सूचना निघते, दावेदारांना बोलावलं जातं. कोणीच मालक ठरला नाही तर सापडवणाऱ्याला हिस्सा मिळतो. जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ते धन हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कळवण्यातच फायदा आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू मानलं जातं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. मुरुड-जंजिरा, अलिबागचा कुलाबा अशा संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खोदायचंच नाही.

जुन्या वस्तूंबाबत आणखी एक सांगावंसं वाटतं. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ आदिलशाहीत मोठं बंदर होतं. तिथून गलबतं अरबस्तानकडे जात. त्या काळी 'लारी' नावाचं चांदीचं नाणं चाले. ते गोल नव्हतं, मधोमध दुमडलेली चांदीची तार, त्यावर फारसी अक्षरांचा ठसा. न जाणणारा माणूस ते 'तारेचा तुकडा' म्हणून फेकून देईल. ब्रश-लिंबाने घासून चकचकीत करणारा त्यावरची अक्षरं घालवेल. जुनं काही वाटलं तर घासू नका. जागेचा फोटो काढा आणि तहसील किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. नाणं कुठे मिळालं हे कळलं तरच ते इतिहासाला काही सांगतं.

शरियतचा मसला

आपल्याकडे सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात आणि ती अमानत मानली जाते. सहीह बुखारीत हजरत जैद बिन खालिद जुहनी (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा: वस्तूची थैली आणि बांधायची दोरी नीट ओळखून ठेवा, वर्षभर पुकारा करा, मालक आला की देऊन टाका.

वर्षानंतर काय, यात मतं वेगळी आहेत. कोकणात बहुतेक शाफई आहेत. त्या मसलकात वर्षभर पुकारा करून मालक आला नाही तर सापडवणारा वस्तू वापरू शकतो. पुढे मालक आलाच तर भरपाई द्यावी लागते. हनफी मताने सापडवणारा स्वतः गरजू असेल तर वापरावी, सधन असेल तर मालकाच्या वतीने सदका करावी. मालक नंतर आला तर तो सदका मान्य करेल किंवा भरपाई मागेल. जाहिलियतच्या काळातल्या पुरलेल्या खजिन्याला 'रिकाझ' म्हणतात, त्याचा पाचवा हिस्सा काढायचा असतो. तुमच्या बाबतीत नेमकं काय ते जवळच्या आलिमांना विचारा. आणि मसला काहीही निघाला तरी देशाचा कायदा पाळायचाच आहे.

पुकारा मशिदीच्या आतून करायचा नाही, दाराबाहेर करायचा, हेही अनेकांना ठाऊक नसतं. दाराबाहेरच्या फळ्यावर चिठ्ठी लावणं पुरेसं.

आपल्या मुलांसाठी एक सूचना

26/11 नंतर किनाऱ्यावर पोलिसांची आणि गावकऱ्यांची नजर असते, ती असायलाही हवी. रात्री अंधारात यंत्र, खोरं आणि टॉर्च घेऊन फिरणाऱ्या पोराकडे संशयाने पाहिलं जाणारच. आपलं नाव ऐकल्यावर तो संशय कधीकधी वाढतो, हे कडू असलं तरी खरं आहे. म्हणून आधीच पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेवा, दिवसा जा, यंत्राचं बिल आणि आधार कार्ड जवळ ठेवा. काही बॉम्बसारखं, डबा-सिलिंडरसारखं दिसलं तर हात न लावता 112 वर फोन करा.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत घरटी असतात. कासवाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्या काळात तिथे खणू नका. आणि कुठेही खणलेला खड्डा बुजवा, कचरा घरी न्या.

त्या अंगठीचं काय झालं?

त्याने अम्मीचं ऐकलं. पोलीस ठाण्यात लेखी नोंद केली, पोच घेतली. आसपासच्या लॉजवाल्यांना आणि गाडीवाल्यांना सांगितलं, मशिदीच्या दाराबाहेर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: "किनाऱ्यावर एक दागिना सापडला आहे. खूण सांगून घेऊन जावा." अंगठी आहे, सोन्याची आहे, आत काय कोरलं आहे, यातलं काहीही लिहिलं नाही.

हेच महत्त्वाचं. हदीसमधल्या थैली आणि दोरीचा अर्थ इथे कळतो. खूण आपल्याजवळ ठेवायची, मागणाऱ्याला सांगू द्यायची. पहिल्या आठवड्यात दोघे आले. एकाने साखळी सांगितली, दुसऱ्याने खड्याची अंगठी. दोघे हात हलवत परत गेले. तिसऱ्या आठवड्यात एका लॉजवाल्यामार्फत कोल्हापूरहून फोन आला. पलीकडच्या बाईंनी अक्षरं सांगितली, तारीख सांगितली आणि मग त्यांना पुढे बोलता येईना. अंगठी त्यांच्या मरहूम पतीची होती. मुलगा बोटात घालून पोहायला गेला होता. त्या दिवसापासून तो घरात नीट बोलत नव्हता.

मायलेक दोघे आले. पोलिसांसमोर अंगठी दिली, सही घेतली. बाईंनी पाकीट पुढे केलं, त्याने येण्याजाण्याच्या पेट्रोलपुरते पैसे ठेवून घेतले.

आता त्या पट्ट्यातले लॉजवाले कोणाचं काही हरवलं की त्यालाच फोन लावतात. तो आधी विचारतो: कुठे बसला होतात, पाणी किती वर होतं, किती वाजले होते? ठरलेली मजुरी घेतो, वस्तू मिळाली तर पर्यटक खुशीने वर देतात. यंत्राचे पंचवीस हजार अजून पूर्ण फिटलेले नाहीत, पण निम्म्याहून जास्त फिटले आहेत. वहीत त्याने नवं पान काढलं आहे. त्यावर सापडलेल्या वस्तूंची किंमत लिहीत नाही. कोणाला काय परत दिलं, तेवढंच लिहितो.