साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट

शेतातून जाणारी पायवाट तुम्ही पाहिली असेल. ती कोणी आखलेली नसते. माणसे रोज ये-जा करतात, गवत दबते आणि वाट पडते. पण अमेरिकेत एक पायवाट मुद्दाम शोधून तयार केलेली आहे. तिचे नाव अ‍ॅपलाचियन ट्रेल. जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंत ती चौदा राज्यांतून जाते.

ही कल्पना वनतज्ज्ञ बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली एका लेखात मांडली. शहरात राबणाऱ्या माणसाला डोंगरात मोकळा श्वास घेता यावा, असे त्यांना वाटे. पण नकाशावर रेघ ओढणे सोपे. ती रानात उतरवणे कठीण! ते काम मायरन एव्हरी या वकिलाने नेटाने पुढे नेले. मोजणीचे एक चाक ढकलत ते मैलोन्‌मैल चालले.

वाट शोधताना काय पाहतात? आधी उतार. वाट सरळ चढावर नेली, तर पावसाचे पाणी तिच्यावरूनच धावते, माती वाहून जाते आणि वाटेची घळ होते. म्हणून वाट डोंगराच्या अंगावरून तिरकी नेतात. या पायवाटेचे काही जुने भाग सरळ चढावर होते. ते पुढे बदलावे लागले. मग पिण्याचे पाणी आणि रात्रीचा निवारा. वाटसरू चुकू नये म्हणून झाडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवतात. एकावर एक दोन पट्टे दिसले, की समजावे, पुढे वळण आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र जमिनीचा. मालकाचे मन बदलले, की वाट हलवावी लागे. व्हर्जिनियात डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता निघाला, तेव्हा एव्हरींनी वाट बाजूला नेण्यास मान्यता दिली. मॅकाय यांना ते मुळीच पटले नाही. दोघांचे त्यावरून कायमचे बिनसले. मला मॅकाय यांचे दुःख समजते. पण एव्हरी नसते, तर वाट पुरी झाली असती का?

१९३७ साली ती पुरी झाली. लगेच १९३८ च्या वादळाने काही भाग मोडला. १९४८ साली अर्ल शॅफर हा माजी सैनिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, तेव्हा कित्येक ठिकाणी वाट झाडोऱ्यात हरवलेली होती. १९६८ साली कायदा झाला आणि तिला सरकारी संरक्षण मिळाले. तरी डोंगर आपले काम करीतच असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडच्या भागात असंख्य झाडे वाटेवर आडवी पाडली. तेव्हा स्वयंसेवक करवती घेऊन पुन्हा रानात शिरले.